वाहणाऱ्याचें बळ कोणाचें?

आमच्या गांवीं आरोग्य केंद्रापुढें चिंचेच्या झाडाखालीं एक रुग्णवाहिका उभी असते. तिच्या चालकास या नोकरींत पायलट म्हणण्याची चाल आहे. हा पायलट रोज पहांटे गाडी पुसून झाली म्हणजे झाडामागें जाऊन जोर काढी, बैठका मारी, आणि शेवटीं एक नवलाचा प्रकार करी. खताच्या रिकाम्या पोत्यांत त्यानें ओढ्याची वाळू भरून ठेविली होती. तें पोतें तो गुडघे वांकवून जमिनीवरून उचली, छातीशीं धरून वीस पावलें जाई, आणि परत येऊन हळूच खालीं ठेवी. समोरच चहाचें दुकान आहे. तेथें बसणाऱ्या मंडळीस ही फुकटची करमणूक झाली होती. कोणी म्हणे, याला काम नाहीं. कोणी म्हणे, पगार रोग्यांसाठीं आणि तालीम स्वतःसाठीं. वाचकहो, लाज सोडून सांगावयाचें तर हंसणाऱ्यांत आम्हीहि होतों. आणि नुसते हंसून थांबलों नाहीं, तर पाळक पडलों म्हणून त्या हंसण्यास उपदेशाचें रूपहि दिलें. ज्याचें काम दुसऱ्याचा जीव वांचविण्याचें, त्यानें आपल्या दंडांकडे इतकें पाहणें बरें नव्हे, असें आम्ही चार माणसांत बोलून गेलों.

त्या बोलण्यांत एक प्रश्न दडलेला होता. जीं माणसें दिवसा व रात्रीं कोणाचीहि हांक येतांच धांवतात, म्हणजे रुग्णवाहिकेवरील डॉक्टर व पायलट, अपघाताच्या खोलींतील परिचारिका, रुग्णास इकडून तिकडे नेणारे सेवक, त्यांनीं आपल्या शरीराच्या कसरतीस वेळ द्यावा काय? द्यावा तर तो सेवेचा भाग मानावा, कीं सेवेंतून चोरलेला वेळ? हा प्रश्न आम्हीं हंसत विचारिला होता. त्याचें उत्तर आम्हांस धापा टाकीत मिळालें.

मागील पावसाळ्यांत एके रात्रीं आमच्या मंडळींतील एक वृद्ध बाई, ओढ्यापलीकडील वस्तीवर राहणारी, अंगणांत घसरून पडली. मांडीचें हाड खुब्याशीं मोडलें होतें, हें मागाहून कळलें; त्या वेळीं इतकेंच दिसत होतें कीं पाय जरासा हलविला तरी ती किंचाळते. फोन केल्यावर गाडी आली, पण ओढ्याच्या अलीकडेच तिला थांबावें लागलें. पुढें पाऊण किलोमीटर चिखलाची पायवाट आणि दोन बांध. डॉक्टरीणबाई व पायलट स्ट्रेचर घेऊन चालत आले. डॉक्टरीणबाईंनीं पाय बांधून घट्ट केला, सुई दिली, आणि मग उचलण्याचा प्रसंग आला.

वस्तीवरचे चार तरुण आणि आम्ही असे हात लावावयास होतों. पायलटानें डोक्याकडील एक दांडी धरिली ती सडकेपर्यंत सोडिली नाहीं. बाकीचे आम्ही पाळीपाळीनें धरीत होतों. आमची पाळी आली तेव्हां शंभर पावलेंहि झालीं नसतील तोंच कानांत ठोके वाजूं लागले, बोटें सुटूं लागलीं, आणि दुसऱ्या बांधावर चढतांना आमची बाजू इतकी खालीं गेली कीं बाई मोठ्यानें ओरडली. तरुण होते त्यांच्या अंगांत जोर पुष्कळ, परंतु एकाचें पाऊल दुसऱ्याशीं जुळेना. त्या सर्व वाटेंत पायलट बाईशीं बोलत होता. ही गोष्ट आम्हीं विशेष लक्षांत ठेविली आहे, कारण ज्यास धाप लागली आहे त्यास बोलतां येत नाहीं. बाई म्हणाली, "बाळा, मला पाडूं नको रे." तो म्हणाला, "आजी, रोज सकाळीं मी जें पोतें उचलतों तें तुमच्याहून जड आहे. त्याला अजून पाडलें नाहीं, मग तुम्हांला कसा पाडीन?"

त्या पोत्यास कोण कोण हंसलें होतें हें त्यास ठाऊक होतें. त्यांतला एक त्याच्या शेजारीं दुसरी दांडी धरून चालला होता. तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाहीं.

या सेवेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १०८ या क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा आपल्या महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं २००५ सालीं त्या वेळच्या आंध्र प्रदेशांत, हैदराबादेहून, हा क्रमांक प्रथम चालू झाला होता. आपल्याकडे आरंभीं ९३७ गाड्या होत्या, आणि प्रत्येक गाडीवर चालकाबरोबर एक डॉक्टर असावा अशी योजना केली गेली. पूर्वीं बैलगाडी, मग कोणाची तरी जीप, आणि तीहि न मिळाली तर खाट उलटी करून चार खांदे, असे आपल्या खेड्यांतील रोग्याचे हाल होते. नंदुरबार जिल्ह्यांत धडगांव व अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरून आजहि बांबूला झोळी बांधून रुग्णास सडकेपर्यंत आणावें लागतें. सांगण्याचें कारण इतकेंच कीं गाडी कितीहि चांगली असली तरी ती सडकेवर धांवते, आणि माणूस पडतो तो अंगणांत, विहिरीच्या कांठीं, डोंगराच्या उतारावर किंवा तिसऱ्या मजल्यावरील खोलींत. मधलें अंतर माणसाच्या पायांनीं व पाठीनेंच तोडावें लागतें.

आमचे बहुतेक वाचक शेतांत राबणारे आहेत. त्यांस हा आक्षेप प्रथम सुचेल कीं जो दिवसभर काम करितो त्यास निराळा व्यायाम कशाला? नांगर धरणारा कधीं तालमींत जातो काय? आक्षेप वरवर पाहतां खरा वाटतो; पण रुग्णवाहिकेचें काम नांगराच्या कामासारखें नाहीं. तेथें तासन् तास बसणें असतें. गाडींत बसून, बाकावर बसून, फोनकडे डोळे लावून बसणें. मग एकाएकीं हांक येते, आणि जें शरीर चार तास हललें नव्हतें त्यानें त्याच घटकेस धांवावें, वांकावें, सत्तर किलोंचा माणूस जिन्यावरून खालीं आणावा, अशी अपेक्षा होते. नांगरणाऱ्याचें अंग सकाळपासून तापलेलें असतें. याचें अंग थंड असतें.

बसण्याचा परिणाम काय होतो यासंबंधीं एक जुना शोध फार मनोरंजक आहे. लंडन शहरांतील दुमजली बसगाड्यांवर त्या काळीं दोन नोकर असत, एक बसून गाडी हांकणारा आणि दुसरा वरखालीं हिंडून तिकिटें देणारा. जेरी मॉरिस नांवाच्या डॉक्टरानें व त्याच्या सोबत्यांनीं सुमारें ३१,००० नोकरांची माहिती गोळा करून १९५३ सालीं प्रसिद्ध केली. कंडक्टर दिवसाकांठीं पांचशेंहून अधिक पायऱ्या चढत असे. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसलेला असे. पगार, राहणी, शहर, धूर, सर्व बहुतेक सारखें. तरी हृदयविकार कंडक्टरांना कमी होई, आणि झाला तरी उशिरा व सौम्य होई. टपाल वांटणारे आणि टपाल कचेरींत बसणारे यांच्यांतहि तसाच भेद दिसला. हा मॉरिस प्रामाणिक मनुष्य होता. पुढें १९५६ सालीं त्यानें बस कंपनीच्या दप्तरांतून नोकरांच्या गणवेशांचीं मापें काढिलीं, तेव्हां असें आढळलें कीं ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर तरुण वयापासूनच मोठा होता. म्हणजे सगळा दोष बसण्याचा म्हणतां येत नाहीं. कांहीं भाग आधींचा असावा. आपल्याच शोधाविरुद्ध जाणारा पुरावा शिंप्याच्या वहींतून हुडकून काढणारे विद्वान थोडे, म्हणून हें मुद्दाम लिहिलें. परंतु तेव्हांपासून आजपर्यंत अनेक देशांत जे शोध झाले त्यांनीं मूळ गोष्ट दृढच केली आहे.

आतां रुग्णवाहिकेवरचा मनुष्य या दोहोंपैकीं कोण? बहुतेक वेळ तो ड्रायव्हर आहे, आणि मधूनच एकदम त्यास कंडक्टर व्हावें लागतें, तेंहि हातांत माणूस घेऊन. असल्या एकाएकीं येणाऱ्या श्रमाचा हृदयावर काय भार पडतो हें अमेरिकेंतील अग्निशामक दलाच्या जवानांवरून कळलें आहे. हे लोक नोकरीवर असतां मरतात ते आगींत जळून मरत असतील असें आपणांस वाटेल. तसें नाहीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शोधाप्रमाणें नोकरीवर असतां मेलेल्यांपैकीं सुमारें ४५ टक्के हृदयविकारानें मेले. आणि आग विझविण्यांत त्यांचा वेळ अगदीं थोडा जात असतांहि त्या थोड्या वेळांत असे मृत्यु फार घडले. घंटा वाजली, निजलेला उठून धांवला, आणि हृदय त्यास तयार नव्हतें.

नुसत्या राबण्यानें हृदयास तोच लाभ होतो काय, हाहि प्रश्न डेन्मार्कांतील कोपनहेगन येथें तपासला गेला. एक लक्षाहून अधिक मनुष्यांची सुमारें दहा वर्षें पाहणी करून २०२१ सालीं जो निर्णय छापला तो चमत्कारिक आहे. फुरसतीच्या वेळीं जे अधिक हिंडत व व्यायाम करीत त्यांस हृदयविकार व मृत्यु कमी. पण ज्यांचे श्रम केवळ नोकरींतले होते त्यांस मात्र उलट अधिक. गरिबीचा व राहणीचा हिशेब वजा केल्यावरहि हा भेद उरला. विद्वान याचें कारण असें सुचवितात कीं नोकरींतला भार आपल्या मापाचा नसतो, त्याची वेळ आपल्या हातीं नसते, आणि दमल्यावर विसावा घेण्याची मुभा नसते. व्यायामांत या तिन्ही गोष्टी आपल्या हातीं असतात. आमच्या पायलटाचें वाळूचें पोतें आणि त्या रात्रींचें स्ट्रेचर दोन्ही जड होतीं. परंतु पोतें तो वाटेल तेव्हां खालीं ठेवूं शकत होता.

छाती दाबून थांबलेलें हृदय चालतें ठेवण्याची एक क्रिया आहे, तिला सी.पी.आर. म्हणतात. आपल्यांपैकीं कांहींनीं ती शाळेंतील शिबिरांत पाहिली असेल. पाहणाऱ्यास ती सोपी वाटते. मोठ्या माणसाची छाती पांच सेंटिमीटर खोल, सहापेक्षां अधिक नाहीं, मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां दाबावी लागते, आणि प्रत्येक वेळीं हात पूर्ण सैल सोडून छाती वर येऊं द्यावी लागते. दर दोन मिनिटांनीं दाबणारा बदलावा असा नियम आहे, कारण तितक्यांत चांगला मनुष्यहि थकतो. आणि दाब उथळ होऊं लागल्याचें पुष्कळदां दाबणाऱ्यास कळत नाहीं. आतां धांवत्या गाडींतील प्रसंग डोळ्यांपुढें आणा. पुढें पायलट गाडी हांकीत आहे. मागें डॉक्टर एकटा, आणि कोंपऱ्यांत रडणारा मुलगा. बदली कोण करणार? त्या वेळीं डॉक्टराची पदवी, त्याचें ज्ञान, त्याची कळकळ, सर्व कांहीं त्याच्या दोन दंडांतून व पाठींतून खालीं उतरलें तरच रोग्यापर्यंत पोंचतें. दयाळू डॉक्टर दाबीत आहे कीं निर्दय, हें थांबलेल्या हृदयास कळत नाहीं. दाब खोल आहे कीं उथळ हें मात्र कळतें.

येथें आम्ही आमच्या त्या चहाच्या दुकानांतील उपदेशाकडे परत येतों. सेवा करणाऱ्यानें स्वतःकडे पाहूं नये, हें आम्हीं कोठून शिकलों? आम्हांस वाटतें, अर्धवट वाचण्यांतून. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनीं अर्धमेला करून टाकिलेल्या मनुष्याची गोष्ट आम्हीं व्यासपीठावरून किती वेळां सांगितली असेल याची गणना नाहीं. शोमरोनी मनुष्याच्या दयेवर बोललों, तेलावर व द्राक्षारसावर बोललों, उतारशाळेंत दिलेल्या पैशांवरहि बोललों. परंतु जो स्वतः अंग हलवूं शकत नाहीं अशा मनुष्यास त्या उतारावर जमिनीवरून उचलून जनावराच्या पाठीवर कोणी व कसा ठेविला, हा विचार त्या बांधावर आमचीं बोटें सुटेपर्यंत आमच्या मनांत कधींच आला नव्हता. त्या मनुष्याचे बाहु दुबळे असते तर त्याची दया वाटेच्या कडेला बसून राहिली असती. कोणी उपदेशक आम्हांस पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राची आठवण देतील, तर तें स्थळ आम्हांस ठाऊक आहे. तेथें कसरतीची तुलना भक्तीशीं केलेली आहे, आळसाशीं नाहीं.

पायलट रोज सकाळीं टायरांची हवा पाहतो, ऑक्सिजनच्या नळकांड्याचा कांटा पाहतो, स्ट्रेचरची खीळ ओढून पाहतो. यास कोणी गर्व म्हणत नाहीं. उलट एखाद्या दिवशीं त्यानें तें केलें नाहीं व नळकांडें रिकामें निघालें तर आपण त्यास दोष देऊं. मग ज्या हातांनीं तें नळकांडें उचलावयाचें ते हात पाहणें मात्र स्वार्थ कसा ठरतो? अपघातांत सांपडलेल्या मनुष्याचा त्या हातांवर हक्क आहे असें आम्ही म्हणतों.

मात्र हा दाखला फार दूर ओढूं नये. बैलास आपण पेंड घालतों ती औतासाठीं. माणसाचें तसें नाहीं. पायलट हा केवळ गाडीचा एक भाग असता तर त्याचें शरीर रोग्यांपुरतें जपून पुरे झालें असतें. पण त्यास बायकामुलें आहेत, त्यास म्हातारपण यावयाचें आहे, आणि नोकरी सुटल्यावरहि त्याची पाठ त्याच्याच बरोबर घरीं जाणार आहे. त्यानें पोतें उचलतांना स्वतःच्या सुखाचा विचार केला, पहांटेच्या गार वाऱ्यांत अंगास घाम आल्यानें त्यास बरें वाटलें, तर त्यांत सेवेचें कांहीं उणें होत नाहीं. आपलें भलें आणि दुसऱ्याचें भलें एकाच कामांत साधलें कीं पहिलें लपवावें लागतें, ही आपल्या लोकांची एक खोड आहे. आम्हां पाळकांत ती अधिक.

इतकें लिहिल्यावर व्यायामाचा उपदेश करून लेखणी ठेवणें सोपें होतें. तसें करावयाचें आमच्या मनांतहि होतें. परंतु दुसऱ्या एका तालुक्यांतील एक गृहस्थ, ज्यांनीं पुष्कळ वर्षें असेंच काम केलें व पाठीच्या दुखण्यानें चाळिशीच्या आंत सोडिलें, आम्हांस भेटले. आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यांस वाळूच्या पोत्याची गोष्ट सांगितली. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाले, "पाळकसाहेब, आधीं झोप द्या, मग व्यायाम सांगा." त्यांच्या नोकरींत रात्रपाळीमागून रात्रपाळी येई, निजावयास गाडीचा बाक, जेवावयास रस्त्यावरील वडापाव, आणि अंग ताणावयास जागा म्हणजे पेट्रोलपंपाची मागची भिंत. असल्या मनुष्यास तूं आळशी आहेस म्हणून तुझी पाठ गेली असें सांगणें म्हणजे लुटलेल्यासच कुलूप न लावल्याबद्दल दंड करणें होय.

त्यांच्या म्हणण्यास आंकड्यांचाहि आधार आहे. अमेरिकेंतील एका सरकारी संस्थेनें कामगारांच्या उचलण्याचें गणित मांडिलें आहे. सर्व परिस्थिति उत्तम असतां, म्हणजे ओझें अंगाजवळ, जमीन सपाट, पकड चांगली व वळणें नको, अशा वेळींहि एका माणसानें २३ किलोंहून अधिक उचलूं नये, असें त्यांत धरिलें आहे. सत्तर किलोंचा रोगी दोघांनीं उचलला कीं प्रत्येकाच्या वांट्यास पस्तीस येतात, आणि स्ट्रेचरचें वजन निराळें. चिखल, अंधार, जिना व ओरडणारे नातलग यांचा हिशेब त्या गणितांत नाहींच. मग कोणतीहि तालीम दोन माणसांचीं चार माणसें करीत नाहीं. जोर-बैठकांनीं पाठ टिकते हें खरें, पण हातांचा तुटवडा हातांनींच भरावा लागतो.

म्हणून ज्यांच्याकडे या सेवेची व्यवस्था आहे त्यांच्याकडे आपण मागावें तें इतकें: पाळींच्या मध्यें पुरती झोप, गाडी उभी राहते तेथें हात-पाय ताणण्यापुरती सपाट व आडोशाची जागा, उचलण्याचें शिक्षण वर्षांतून पुन्हां पुन्हां, आणि त्यांत घालविलेली अर्धी घटका कामांत धरणें. व्यायाम नोकरीचा भाग आहे असें म्हणावयाचें आणि वेळ मात्र त्याच्या झोपेंतून कापावयाचा, हा न्याय नव्हे.

व्यायाम किती करावा यासंबंधीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे कीं मोठ्या माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें भराभर चालण्यासारखे मध्यम श्रम करावे, आणि निदान दोन दिवस स्नायूंस बळ येईल अशी कसरत करावी. पूर्वीं असें म्हणत कीं एका वेळीं सलग दहा मिनिटें तरी झालींच पाहिजेत. ती अट आतां काढून टाकिली आहे. थोडें थोडें केलेलेंहि जमेस धरितात. ज्याची पुढची हांक केव्हां येईल याचा नेम नाहीं त्यास ही मोठीच सोय आहे. दोन हांकांच्या मध्यें पांच मिनिटें चालणें, दहा बैठका, दोरीवरच्या उड्या, जिन्याच्या चार फेऱ्या, हें कोठेंहि होतें. आमच्या पायलटाचा नियम असा कीं कामावर असतां अंगांतील निम्म्याहून अधिक जोर खर्चावयाचा नाहीं, कारण पोतें खालीं ठेवितांच स्ट्रेचर उचलण्याची पाळी येऊं शकते. दमेपर्यंतची तालीम सुटीच्या दिवशीं. जो पुष्कळ वर्षें बसून आहे, ज्यास मधुमेह किंवा रक्तदाब आहे, किंवा चढतांना छातींत कळ येते, त्यानें मात्र आधीं आपली छाती डॉक्टरास दाखवावी व मग हळूहळू वाढवावें. रोज रोग्यांत वावरणारे स्वतःस दाखविण्यास फार उशीर लावितात, असें आम्हांस एका परिचारिकेनेंच सांगितलें.

स्त्रियांविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. डॉक्टरीणबाईंस आम्हीं विचारिलें कीं आपणहि कांहीं कसरत करितां काय. त्या म्हणाल्या कीं एकदां सकाळीं दोरीवर उड्या मारावयास सुरुवात केली होती, पण दुकानांतून शीळ ऐकूं आली, तेव्हांपासून सोडून दिली. पायलटास लोक हंसले, पण त्यानें कानाआड केलें. बाईंस तें करतां आलें नाहीं, आणि त्यांनीं तें कां करावें? त्याच बाईंस उद्यां आमच्यापैकीं कोणाची तरी छाती गाडींत एकटीनें दाबावी लागेल. शीळ घालणारा कोण होता हें आम्हीं शोधून काढिलें नाहीं. दुकानांत मात्र आम्हीं जाऊन आमचा जुना उपदेश सर्वांसमक्ष परत घेतला. कांहीं हंसले, दुकानदारानें चहाचे पैसे घेतले नाहींत.

गांवानें दुसरें काय केलें तें थोडक्यांत सांगतों. वस्तीवरच्या त्या चार तरुणांस आणखी आठ जण मिळाले आहेत, आणि रविवारीं तिसऱ्या प्रहरीं पायलट त्यांस स्ट्रेचर धरून पावलें जुळविण्यास शिकवितो: गुडघे वांकवावे, पाठ सरळ ठेवावी, ओझें अंगाशीं घ्यावें, कंबर पिळूं नये, आणि एकानेंच हुकूम द्यावा. शाळेंत लेजीम शिकलेल्या मुलांस तें लवकर साधलें. आम्हांस अजून धाप लागते, पण दोनशें पावलांनंतर.

मंदिराचें मागचें आवार चारी बाजूंनीं भिंतीचें आहे. तें मंडळीच्या पंचांनीं पहांटे गाडीवरच्या मंडळीसाठीं उघडें ठेविलें आहे, आणि वाळूचें पोतें पावसांत भिजून जड होई म्हणून तें आतां पडवींत आलें आहे. डॉक्टरीणबाईंसाठीं निराळें लहान पोतें आमच्या घरीं शिवलें. पडलेली वृद्ध बाई शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरून चालते. थंडी नसली म्हणजे ती नातवाबरोबर येऊन पडवीच्या पायरीवर बसते आणि पायलटाचीं पावलें मोठ्यानें मोजते, व वीसच्या जागीं पंचवीस करवून घेते. हिंवाळ्यांत पहांटे तेथें अंधार असतो आणि आवारांत दिवा नाहीं. त्याचा खर्च येत्या शनिवारच्या सभेंत मांडावयाचा आहे.